जाताना विचारून काय उपयोग भो
आज जळगाव एमआयडीसीत दिवसभर एकच काम, राजीनामा दिलेल्या पोरांचे एक्झिट इंटरव्ह्यू, म्हणजे नोकरी का सोडतोय ते विचारून फॉर्म भरून घ्यायचा. चटईच्या युनिटमधला एक ऑपरेटर, हात एकदम बसलेला, चाकणला चालला. मला वाटलं पगाराचं म्हणेल, तर म्हणे साहेब पगाराचं सोडा, श्रावणातल्या कानबाईच्या सणाला दोन दिवस सुट्टी मागितली तर सुपरवायझरने सगळ्यांसमोर झापलं, तेव्हाच मनातून उतरली कंपनी. आता कानबाईला अन् आखाजीला (अक्षय तृतीयेला) सुरतेतला माणूस गावी येतो अन् आपण इथल्या भुसावळच्या पोराला सोडत नाही, काय बोलायचं!

माझं तर मत आहे हा फॉर्म शेवटच्या दिवशी भरून घेण्यापेक्षा पहिल्या महिन्यातच बसा त्याच्याजवळ, मशीन कोणी शिकवलं, सेफ्टी शूज मिळाले का, पीएफचा यूएएन (खात्याचा नंबर) अ‍ॅक्टिव्ह झाला का, मग सहा महिन्यांनी परत. मधल्या वर्षांत तर कोणी विचारतच नाही, हेल्परचा ऑपरेटर कधी होणार तेच त्याला माहीत नसतं. ग्रॅच्युइटीचंही (नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेचंही) तेच, परमनंट माणसाला ५ वर्षं सलग नोकरीनंतर दर वर्षामागे १५ दिवसांचं वेतन हे १९७२ च्या कायद्यापासून चालत आलंय, पण जॉइनिंगला समजावतं कोण? अन् चौथ्या वर्षी माणूस निघून जातो.

'ऑपरेटर पाहिजे'चा बोर्ड मात्र गेटवर कायम. आधी सुपरवायझरला ट्रेनिंग द्या म्हटलं मालकांना, बघू म्हटले. पुढच्या कानबाईच्या सुट्ट्यांची लिस्ट आत्ताच बनवतोय, सोमवारी सही घेतो त्यावर.