'चित्रपटाचे नाव' हा रकाना

दिल्लीच्या इंडियन ओशन या बँडची 1993 साली निघालेली पहिली कॅसेट माझ्याकडे आहे. तिच्याहून मोलाची वाटते ती एका मित्राने महाविद्यालयीन महोत्सवात टेपरेकॉर्डर मांडीवर ठेवून भरलेली फीत, कारण 1997 चा 'डेझर्ट रेन' हा मंचावर ध्वनिमुद्रित झालेला अल्बम सोडला, तर 2000 साली 'कंदीसा' हा अल्बम येण्यापूर्वी ही मंडळी मंचावर काय वाजवत होती, त्याचा माग अशाच फितींत उरला आहे. बँडमधले असीम चक्रवर्ती गातागाताच तबला वाजवत असत; 2009 मध्ये त्यांचे निधन झाल्यावर आम्हा चार-पाच चाहत्यांनी ठरवले की फिती जायच्या आत त्यांच्या डिजिटल प्रती करून एखाद्या ग्रंथालयाकडे सोपवाव्यात.

प्रती करण्याचे काम तीन रविवारांत उरकले. अडले ते परवानगीपाशी.

पहिल्या कॅसेटचे हक्क ज्या कंपनीकडे होते, तिला मी रीतसर पत्र लिहिले. उत्तरादाखल एक अर्ज आला आणि त्यात 'चित्रपटाचे नाव' हा रकाना भरणे सक्तीचे होते. मी 'लागू नाही' असे लिहिले, तेव्हा अर्ज अपूर्ण म्हणून परत आला. फोनवरच्या गृहस्थांना मी म्हणालो, "साहेब, हा चित्रपट नाही, बँड आहे." त्यावर त्यांनी शांतपणे विचारले, "ते ठीक आहे, पण गाणं कुठल्या पिक्चरमधलं?" दुसऱ्या खेपेस मी वैतागून त्या रकान्यात बँडचेच नाव घातले, सहा आठवड्यांनी उत्तर आले की या नावाचा चित्रपट आमच्या यादीत नाही. पुढे 'वापराचा प्रकार' या रकान्यात जाहिरात, मालिका आणि रिंगटोन एवढेच पर्याय असल्याने अर्ज एका विभागातून दुसऱ्यात गेला आणि फिरून पहिल्याच टेबलावर आला. सात महिन्यांनी दीड ओळीचे पत्र मिळाले: खासगी अभ्यासासाठी प्रत ठेवण्यास हरकत नाही, ग्रंथालयास देता येणार नाही. खासगी वापराची आणि संशोधनाची मुभा कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 ने आधीच दिलेली आहे. म्हणजे जे माझ्या हातात होते, तेच मी सात महिने मागत बसलो होतो! ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षे चालतो, तेव्हा या कॅसेटसाठी 2053 सरेपर्यंत थांबावे लागेल. कोणी या वाटेने जाणार असेल, तर त्याने आधी कायदा वाचावा आणि मगच अर्ज मागवावा.

महोत्सवाच्या फितीचे प्रकरण वेगळे आहे, कारण तिथे कलावंतांचा स्वतःचा हक्क येतो. म्हणून आम्ही थेट बँडलाच लिहिले आहे.

प्रतींबद्दल सांगायचे राहिले. एका कॅसेटमधली फितीमागची फेल्टची गादी निखळली होती, ती जुन्या भजनांच्या कॅसेटमधून काढून बसवली. टेपरेकॉर्डरमधल्या हेडशेजारचा, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाशेजारचा, बारीक स्क्रू किंचित फिरवून हेडचा कोन त्या-त्या फितीशी जुळवला, तेव्हा आवाजावरचे घोंगडे ओढून काढल्यासारखे झाले आणि तबल्याची शाई ऐकू येऊ लागली. मूळ प्रत 24 बिट, 96 किलोहर्ट्झ अशी वेव्ह स्वरूपात ठेवावी, एमपी3 केवळ ऐकण्यापुरती. आणि सर्वांत आधी कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे दात मोडून टाकावेत, म्हणजे फितीवर चुकून नवे काही भरले जात नाही. आमच्यातल्या एकाने प्लेऐवजी रेकॉर्डचे बटण दाबले होते आणि त्या फितीत आता चार सेकंद त्याचे खोकणे आहे.