मिठाला पाणी सुटलं आणि गाडीला गंज चढला

पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, म्हणून आपण त्यात तांदळाचे चार दाणे टाकतो. माझ्या गाडीच्या पत्र्यात नेमकं तेच होत होतं आणि मला ते कळायला जवळजवळ एक वर्ष गेलं. तोवर गाडी खालून बरीच खाल्ली गेली होती.

आमची गाडी 2016 ची. ह्यांची कच्छमधल्या गांधीधामला बदली झाली तेव्हा गाडीही तिकडेच गेली, 2 वर्षं कंपाउंडमध्ये उघड्यावर उभी असायची. कच्छचा रस्ता ज्यांनी बघितलाय त्यांना माहीत असेल, सूरजबारीच्या पुलाच्या आसपास दोन्ही बाजूंना मिठागरं, पांढरे ढीग, आणि मिठाचे ट्रक रात्रंदिवस चालू. ट्रकमधलं मीठ ओलं असतं, मागून पाणी ठिबकत जातं, आणि आपण त्यामागे 20 किलोमीटर चाललो की तो फवारा सगळा आपल्या गाडीच्या पोटाखाली. वरून गाडी दर रविवारी धुतली जायची. खाली कोणी बघितलंच नाही.

डिसेंबर 2023 ला आम्ही वडोदऱ्याला परत आलो. हिवाळा गेला, उन्हाळा गेला, काही नाही. मे महिन्यात सर्व्हिसिंगला टाकली तर तिथला माणूस म्हणाला, पावसाळ्याआधी अंडरबॉडी कोटिंग करून घ्या, मी हो म्हटलं. संध्याकाळी गाडी घ्यायला गेले तर खालून सगळं काळं कुळकुळीत, रबरासारखं, बघून समाधान वाटलं. आणि जुलैत डाव्या दाराखालच्या पट्टीवर रंगाला फोड आले. बोटाने दाबलं तर रंग पापडासारखा तुटला.

गॅरेजवाला म्हणाला पुराचं पाणी लागलं असेल. पण फोड जुलैतले, वडोदऱ्यातल्या विश्वामित्री नदीचा पूर ऑगस्टच्या शेवटी आला, आणि पुरातही आमची गाडी आम्ही फ्लायओव्हरवर नेऊन ठेवली होती, तिचं चाकसुद्धा बुडलं नव्हतं. मला ते उत्तर पटलंच नाही.

माझा धाकटा भाऊ टोरोंटोजवळ राहतो. तिकडे बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठच टाकतात, मिठाने पाणी गोठायचा बिंदू खाली जातो म्हणून, आणि त्यापायी गाड्या सडतात. त्याला फोटो पाठवले तर लगेच फोन आला. "ताई, गंज जुलैत लागला नाही, मीठ गांधीधामहूनच आलंय, फक्त ते आत्ता जागं झालंय." मग त्याने नीट समजावलं. कोरडं मीठ पत्र्यावर बसून राहिलं तर फार काही करत नाही. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलंच पाणी ओढून घेतं आणि त्याचं खारं पाणी होतं, ते लोखंडाला खातं. आपल्याकडे पावसाळ्यात रात्र-रात्रभर तेवढी आर्द्रता असते, म्हणजे गाडी जागेवर उभी राहूनसुद्धा गंजते. तो म्हणाला, आमच्याकडे पण कडक थंडीत गंज हळू चालतो, खरा जोर बर्फ वितळायला लागल्यावर, आणि जो माणूस मीठ लागलेली गाडी रोज गरम गॅरेजमध्ये ठेवतो त्याची लवकर सडते.

शेवटचं त्याचं वाक्य ऐकून मला धस्स झालं. "त्या काळ्या कोटिंगखाली मीठ तसंच असेल तर तू ते आत बंद करून ठेवलंयस."

मग चांगला माणूस शोधायला सुरुवात केली. प्रतापनगरकडे एक वयस्कर मिस्त्री सापडले, डेंटिंगचं काम करतात, 40 वर्षांचा हात. त्यांनी गाडी लिफ्टवर घेतली, स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठिकठिकाणी ठोकलं, जिथे आवाज बद्द आला तिथे टोक लावलं आणि कोटिंगचा पोपडा हातभर सुटून आला. आतून ओलसर, लालभडक. म्हणाले, "बेन, आ तो उपरथी काळुं कर्युं छे, अंदर काट चालु ज छे." काट म्हणजे गंज. शिवाय दाराच्या खालची भोकं, पाणी निघून जायला कंपनीने ठेवलेली असतात ती, त्या कोटिंगने बुजलेली. काकांनी एक भोक उघडलं तर ग्लासभर पाणी पडलं! मी तिथे उभी होते, मला रडूच आलं, कारण ही गाडी आम्ही आईच्या डायलिसिसच्या फेऱ्यांसाठी घेतली होती आणि आई गेल्यावरही ती विकायचा विचार कधी केला नाही.

काम एकूण 9 दिवस चाललं. काकांनी घाई केली नाही याचं मला फार बरं वाटलं. आधी सगळं जुनं कोटिंग खरवडून काढलं, चाकांच्या वरचे प्लॅस्टिकचे लायनर काढले (तिथे कच्छची माती ढेकळंच्या ढेकळं बसली होती), आणि प्रेशरने खालून, पट्टीच्या आतून, चेसिसच्या पोकळीतून धुतलं. एक गोष्ट मी हट्टाने करून घेतली. त्यांच्याकडे बोअरचं पाणी खारं आहे, तर शेवटचं धुणं कॉर्पोरेशनच्या गोड्या पाण्याने. मीठ काढायला मिठाचं पाणी कसं चालेल! मग 3 दिवस उन्हात वाळवली, ऑक्टोबरची उन्हं होती. त्यानंतर तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, आणि ड्रायव्हरच्या पायाखाली, जिथे मॅटखाली ओल राहत होती, तिथे पत्रा जाळीसारखा झाला होता, तो कापून नवीन तुकडा वेल्ड केला. मी आधीच सांगितलं होतं की पुट्टी भरून वर रंग नको. असं काम कोणाकडूनही घेतलं तर नंतर चुंबक लावून बघा, पुट्टी जाड असेल तिथे चुंबक धरत नाही.

जिथे गंज पूर्ण निघाला नाही तिथे रस्ट कन्व्हर्टर लावलं, लाल गंज डोळ्यांदेखत काळा पडतो. त्यावर झिंकचा प्रायमर, मग रंग, जोडांवर सीलर. आणि सगळ्यात शेवटी मेणाचं कोटिंग, रबराचं नाही. रबर कडक होऊन एकदा चिरलं की फटीतून पाणी आत जातं आणि बाहेरून दिसतसुद्धा नाही. पट्टीच्या आणि दारांच्या पोकळीत लांब नळीने तेलासारखं पातळ औषध मारलं, ते जोडांमध्ये झिरपत जातं. भाऊ म्हणतो तिकडे लोक हे तेल दरवर्षी थंडीआधी मारून घेतात. आठवडाभर वास येतो आणि थेंब पडतात, खाली पुठ्ठा टाका. ब्रेकची डिस्क आणि सायलेन्सर झाकून घ्यायला मात्र स्वतः उभं राहून सांगा.

खर्च 14,200 आला. मे महिन्यातल्या कोटिंगचे 4,500 गेले ते वेगळेच. आणि गांधीधामहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी खालून नीट धुतली असती तर यातलं बरंचसं वाचलं असतं, तसं धुण्याचे तेव्हा 300-400 घ्यायचे.

आता सोमनाथ, वलसाडजवळचा तिथलचा समुद्रकिनारा किंवा कच्छ, कुठूनही आलो की घरी यायच्या आधी गाडी धुवायला, खालून. पहिल्या पावसानंतर मी काडीने दारांची भोकं मोकळी करते, मॅट उचलून हात लावून बघते. यंदा सगळं कोरडं निघालं, फक्त डिकीच्या दाराखाली नखाएवढा एक फोड आहे, तो नवरात्र झाल्यावर काकांकडे नेणार आहे.