33 की 45?

जुन्या रेकॉर्डच्या खोक्यात हात घातला की बोटं काळी होतात आणि डोकं बंद पडतं. मला काही घ्यायचं नव्हतंच. पण ही एक इतकी स्वस्त होती की न घेण्याला कारण सापडेना. कोरं पांढरं कव्हर, मधल्या लेबलावर रबरी शिक्का, तोही अर्धवट उमटलेला. ते बँडचं नाव की गाण्याचं, मला आजतागायत कळलेलं नाही.

घरी आल्याआल्या लावली. बारा इंची तबकडी म्हणजे मिनिटाला 33 फेऱ्या, ही सवय हाताला इतकी की वेगाच्या बटणाकडे पाहिलंसुद्धा नाही. आणि काय सांगू! ढोल असा पडत होता, जणू कोणी चिखलातून पाय उपसतंय. गाणारा बुवा खर्जात, एकेक शब्द ओढत, मरगळलेला. पंधरा दिवस मी दुसरं काही ऐकलं नाही. एका मित्राला बोलावून ऐकवली आणि 'अंडरग्राउंड' हा शब्द उगाच तीन-चारदा वापरला. तोही भारावला.

मग एकदा धूळ पुसताना तबकडी दिव्याखाली तिरपी धरली. गाणं संपतं तिथून लेबलापर्यंत एक गुळगुळीत पट्टा असतो. मूळ तबकडी कापणारा माणूस त्यात हाताने नंबर कोरून ठेवतो. इथेही होता, किरट्या अक्षरात. त्याच्या शेजारी: 45.

या गोंधळाचं मूळ जुनं आहे. 1948 मध्ये कोलंबियाने 33⅓ फेऱ्यांची एलपी आणली, पुढच्याच वर्षी आरसीए व्हिक्टरने 45 फेऱ्यांची छोटी तबकडी. दोघांचं भांडण मिटलं, बटण मात्र आपल्या गळ्यात पडलं. पुढे 1970 च्या दशकात डिस्कोवाल्यांना आवाज दणदणीत हवा होता, म्हणून बारा इंचावरही 45 चा वेग आला. तबकडी जितकी जोरात फिरते, तितकी प्रत्येक सेकंदाच्या वाट्याला खोबण जास्त येते. हे सगळं मला माहीत होतं, हे विशेष.

बटण फिरवलं. बुवा नाहीसा झाला! त्याच्या जागी एक मुलगी, चपळ, जराशी फणकाऱ्याची. वेगातल्या त्या फरकाने सूर जवळजवळ पाच पट्ट्या उतरतो. म्हणजे पंधरा दिवस मी तिचा षड्ज मंद्र पंचमावर नेऊन बसवला होता, आणि वर त्या उदासीचं कौतुक करत होतो.

गाणं खरं तर बरंच नाचरं आहे. चांगलंही आहे. पण रात्री उशिरा माझा हात अजून 33 कडेच जातो.

मित्राला यातलं काही सांगितलेलं नाही. तो त्या खर्जातल्या बुवाची दुसरी रेकॉर्ड अजून शोधतोय.