साकाई: सुऱ्या घडवणाऱ्यांच्या गावात बघायचं काय, घ्यायचं काय

ओसाकाच्या नाम्बा स्थानकातून नानकाई मुख्य मार्गाची गाडी पकडली की दहा-बारा मिनिटांत साकाई येतं. कान्साई विमानतळाकडून येणारी एक्स्प्रेसही इथे थांबते. त्यामुळे साकाई सहलीच्या शेवटच्या एक-दोन दिवसांत ठेवणं सोयीचं. दुसरं कारण कायद्याचं आहे. जपानमध्ये ६ सेंटिमीटरपेक्षा लांब पातं सबळ कारणाशिवाय जवळ बाळगता येत नाही. दुकानातून घेतलेली सुरी बंद खोक्यात हॉटेलवर नेण्यात अडचण नाही, पण तीच सुरी पाठीवरच्या सॅकमध्ये टाकून पुढे चार दिवस देवळं आणि किल्ले बघत हिंडू नये.

रविवार टाळा. बऱ्याच कार्यशाळा आणि घाऊक दुकानं त्या दिवशी बंद असतात. साकाई स्थानकावरून चालत जाता येतं, पण ओसाकातल्या तेन्नोजीहून हानकाईची ट्राम घेतली तर ती जुन्या वस्तीतूनच जाते. उतरायचं म्योकोकुजी-माए थांब्यावर. तिथून साकाई देन्शोकान, म्हणजे गावच्या पारंपरिक कारागिरीचं दालन, अगदी जवळ आहे. सुऱ्यांचं संग्रहालय तिथे जपानी हिशेबाने दुसऱ्या मजल्यावर, म्हणजे आपल्या पहिल्या मजल्यावर. खाली बऱ्याच कारखान्यांच्या सुऱ्या शेजारीशेजारी विकायला असतात. एखाद्या दुकानात शिरण्याआधी तास-दीड तास इथे घालवावा, नाहीतर पहिल्याच काउंटरवर खिसा मोकळा होतो.

गावाचा इतिहास थोडक्यात असा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांमुळे जपानला तंबाखूची ओळख झाली. पानं बारीक चिरायच्या सुऱ्या साकाईत होऊ लागल्या आणि पुढे शोगुनांच्या राजवटीने त्यांना आपली मोहोर दिली. बंदुकाही इथेच घडत. त्याच ट्रामच्या ताकासु-जिंजा थांब्याजवळचं बंदूक घडवणाऱ्याचं जुनं घर २०२४ पासून संग्रहालय म्हणून खुलं आहे. वेळ उरला तर जावं.

साकाईची सुरी एका माणसाची नसते. लोहार पातं घडवतो, धारवाला ते घासून पातळ करतो, तिसरा कारागीर मूठ बसवतो आणि घाऊक व्यापारी आपलं नाव कोरून विकतो. बहुतेक पर्यटक भट्टीपुढे गर्दी करतात. ठिणग्या उडतात, फोटो चांगले येतात. पण सुरी कशी कापणार हे धारवाल्याच्या चाकावर ठरतं. दोन्ही बघायची सोय नसेल तर धारवाल्याकडे जावं.

भट्टीवर बघायचं ते असं. मऊ लोखंडाच्या पट्टीवर पोलादाचा तुकडा ठेवून, मध्ये टाकणखार आणि लोहचूर्ण घालून दोन्ही तापवतात आणि घणाखाली जोडतात. मग पात्यावर मातीचा पातळ लेप देऊन, साधारण ७५० ते ८०० अंशांवर तापवून पाणी देतात, म्हणजे पाण्यात बुडवून एकदम थंड करतात. लेप नसेल तर पात्याभोवती वाफेचे बुडबुडे धरतात आणि पोलाद एकसारखं थंड होत नाही. पाणी दिलेलं पातं काचेसारखं ठिसूळ असतं, म्हणून २०० अंशांच्या आसपास पुन्हा तापवून त्याचा ताठा थोडा उतरवतात. पाणी देताना पातं थोडंफार वाकतंच. ते हातोडीने ठोकून सरळ करणं हे पुढे धारवाल्याकडेही प्रत्येक टप्प्यावर चालू असतं. होनयाकी सुरी पूर्ण पोलादाची असते. ती पाणी देताना तडकण्याची भीती मोठी, म्हणून किंमतही एक लाख येनच्या पुढे जाते. घरच्या स्वयंपाकाला तिची गरज नाही.

आता काउंटरवर. सुरी हातात द्यायला सांगा आणि टाच डोळ्यासमोर धरून टोकाकडे बघा. पाठ आणि धार दोन्ही सरळ रेषेत हव्यात. मग टाचेकडून पात्याचा छेद बघा. पाठीपासून धारेपर्यंत जाडी सारखी उतरत गेली पाहिजे, आणि धारेच्या लगेच वर पातं कागदासारखं पातळ हवं. तिथे जाडी राहिली असेल तर सुरी केस कापेल, पण गाजरात अडकेल आणि चकती कापण्याऐवजी फोडेल. दिव्याखाली पातं हलवून प्रकाशाची रेघ बघा. ती मध्येच लचकली तर तिथे खड्डा किंवा उंचवटा आहे. धार सपाट पाटावर टेकवून खालून उजेड दिसतो का तेही तपासा. तर्जनी जिथे टेकते तिथली पाठ आणि टाचेची कड घासून गोल केलेली असावी, नाहीतर दोन किलो कांदा चिरेपर्यंत बोटाला घट्टा पडतो. पात्यावरच्या लाटांच्या नक्षीला भुलू नका. कापतो तो मधला पोलादाचा थर, आणि नक्षी असते बाजूच्या थरांत.

विचारायचे प्रश्न तीनच: पोलाद कोणतं, पातं इथे जोडून घडवलंय की आधीच जोडलेल्या पत्र्यातून कापलंय, आणि शेवटची धार लावून देणार का. पत्र्यातून कापलेली सुरी वाईट नसते, फक्त तिला हाताने घडवलेलीचा भाव देऊ नये.

आपल्या घरासाठी दोन्ही बाजूंनी धार असलेली १६५ ते १८० मिलिमीटरची सान्तोकु, म्हणजे सगळ्या कामांची घरगुती सुरी, किंवा २१० ची ग्युतो, म्हणजे लांब, टोकदार शेफची सुरी. पहिल्या सुरीसाठी साधारण १५ ते ३० हजार येन धरून चाला. मासे घरी साफ होत असतील तर १५० ते १६५ ची देबा, म्हणजे मासे कापायची जाड सुरी, जोडीला घ्या. बांगड्याचं डोकं आणि सुरमईचे मणके सांध्यावर धरले तर ती सहज तोडते. मटणाची हाडं आणि नारळ मात्र कोयत्याकडेच राहू द्या. देबा, भाजीची उसुबा आणि कच्च्या माशाचे काप काढायची यानागिबा एका बाजूनेच घासलेल्या आणि उजव्या हाताच्या असतात. डावखुऱ्यांना वेगळी मागवावी लागते आणि ती महाग पडते.

पोलादात शिरोगामी आणि आओगामी ही कार्बन पोलादं धार सुंदर धरतात, पण दोन्ही गंजतात. कैरी, चिंच, कोकम, लिंबू लागल्यावर पाच मिनिटं विसरलात तरी डाग पडतो. करडा-निळा डाग चालतो, उलट तो पात्याला थोडं संरक्षण देतो. तांबडा गंज लगेच घासून काढायचा. मुंबई-कोकणात राहत असाल आणि घरात तीन जण सुरी वापरत असतील तर गिन्सान हे स्टेनलेस पोलाद घ्या. त्यात १३ टक्क्यांच्या वर क्रोमियम असतं, तरी दगडावर धार लवकर लागते.

मूठ शक्यतो होनोकी लाकडाची आणि म्हशीच्या शिंगाची कडी असलेली घ्यावी. हलकी असते आणि खराब झाली की बदलता येते. पात्याची शेपटी तापवून लाकडात जाळत बसवतात. हे काम बघायला मिळालं तर चुकवू नका. मापाप्रमाणे सुरी हवी असेल तर लांबी, पोलाद, मूठ आणि हात उजवा की डावा ते लिहून द्या. काम काही महिन्यांचं असतं, आणि कुरियरने येताना भारतात सीमाशुल्क लागू शकतं.

मूळ पासपोर्ट जवळ ठेवा. एका दुकानात एका दिवशी ५,००० येनपासून पुढच्या खरेदीवर १० टक्के उपभोग कर पर्यटकांना माफ असतो. १ नोव्हेंबर २०२६ पासून कर आधी भरून विमानतळावर परत घ्यायचा आहे. वस्तू दाखवावी लागू शकते आणि सुरी केबिनमध्ये नेता येत नाही, म्हणून सामान चेक-इन करण्याआधी सीमाशुल्काचा काउंटर गाठा. बिलावर स्वयंपाकाची सुरी असं स्पष्ट लिहून घ्या.

घरी आल्यावर लाकडी पाट लागेलच. ग्रॅनाइटचा ओटा, काच, स्टीलची ताटली यांवर एकदा चिरलं तरी धार वळते किंवा तुटते. आपल्याला विळीवर भाजी ढकलायची सवय असते. इथे सुरी पुढे सरकवत कापायची, आणि लाल भोपळ्यात अडकली तर पिळायची नाही, आली त्याच रेषेत मागे घ्यायची. कडक आणि पातळ धार सरळ दाब सोसते, आडवा पीळ सोसत नाही. चिरलेला कांदा गोळा करताना सुरी उलटी करून पाठीने ओढा. ओढून धार लावायची चाकांची यंत्रं आणि खरखरीत सळई वापरू नका. १००० नंबरचा दगड पाण्यात १० ते १५ मिनिटं भिजवा, पाठ साधारण १५ अंश उचला आणि पलीकडच्या कडेला बोटाला खरखर लागेपर्यंत घासा. मग बाजू बदला. शेवटी ३००० किंवा ६००० वर हलके हात. देबाची मागची पोकळ बाजू दगडावर अगदी सपाट ठेवून दोन-तीनदाच फिरवायची. तिथे कोन दिला तर धारवाल्याचं काम गेलं. पावसाळ्यात पातं कोरडं करून खोबरेल किंवा जपानात मिळणाऱ्या त्सुबाकी तेलाचा पुसट हात द्या. गोडेतेलाचा चिकट थर बसतो. लाकडी म्यानात ओली सुरी घालू नका, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत म्यानाऐवजी वर्तमानपत्राच्या कोरड्या कागदात गुंडाळून ठेवा.