नाताळचे झाड, नोंद सातवी: थिजण्याचे कारण झाड उतरवताना सापडले

झाडावरचे दिवे मध्येच थिजण्याच्या ज्या दोषाने डिसेंबरभर माझी झोप उडवली आणि ज्याविषयी मागच्या दोन नोंदींत मी आपणा सर्वांचेही डोके खाल्ले, तो झाड उभे असताना काही सापडला नाही. तो सापडला झाड उतरवताना, आणि तोही मला नव्हे, तर पाच वर्षांच्या धाकटीला. खरे सांगायचे तर तिला तो २२ डिसेंबरपासूनच ठाऊक होता. तिला कोणी विचारले नव्हते, एवढेच.

मांडणी मागच्या वर्षीचीच आहे: ५ व्होल्टच्या बुलेट पिक्सेलच्या (ज्यांचा प्रत्येकाचा रंग वेगळा बदलता येतो असे एलईडी दिवे) पन्नास-पन्नासच्या चार माळा, ईएसपी३२ या छोट्या कंट्रोलर बोर्डावर दिवे चालवणारा डब्ल्यूएलईडी हा प्रोग्रॅम, आणि सहा फुटी प्लास्टिकचे झाड, जे मिरजेतल्या आमच्या दिवाणखान्यात शोकेस आणि सासूबाईंची खुर्ची यांच्यामध्ये अंग चोरून उभे राहते. दोष असा होता की पिक्सेल ११७ पर्यंत सारे सुरळीत चाले आणि ११८ पासून शेंड्यापर्यंतचे झाड मध्येच थिजे. ते विझत नसे. त्या क्षणी जो रंग असेल तोच धरून बसे आणि काही सेकंदांनी आपले आपण पुन्हा धावू लागे. सासूबाईंनी पहिल्याच संध्याकाळी "झाडाला अर्धांग झालंय" असे निदान केले होते, आणि माझ्या नंतरच्या सगळ्या निदानांपेक्षा ते सत्याच्या अधिक जवळ होते.

या छंदात मुरलेल्यांना हे लक्षण वाचताच कळले असेल की दोष विजेचा नसून डेटाचा, म्हणजे तारेतून जाणाऱ्या रंगाच्या आज्ञेचा आहे. व्होल्टेज कमी पडले असते तर पांढरा रंग शेंड्याकडे पिवळट-तांबूस होत गेला असता, कारण निळा आणि हिरवा आधी मान टाकतात. डेटा तुटला की मात्र पिक्सेल शेवटची आज्ञा उराशी धरून बसतो. हे मलाही कळत होते, आणि तरीही मी सुरुवात चुकीच्या टोकाकडून केली. आधी डेटाचे व्होल्टेज वाढवणारी ७४एएचसीटी१२५ ही चिप बदलली, मग ३३० ओहमचा रेझिस्टर बदलला, मग बोर्ड बदलला, आणि काहीच उरले नाही तेव्हा २० अँपिअरचा पॉवर सप्लायही बदलून पाहिला. २०० पिक्सेल पूर्ण पांढरे केले तरी प्रत्येकी सुमारे ६० मिलिअँपिअरच्या हिशेबाने १२ अँपिअरच लागतात, म्हणजे सप्लायचा काही अपराध नव्हता. तो बिचारा संशयावरून बदलीला गेला.

यातली खरी गंमत अशी की प्रत्येक बदलानंतर झाड तास-दोन तास बिनतक्रार चाले. मी घरात घोषणा करी, सासरे समाधानाने मान हलवत, नवरा चहा टाकी, आणि पाहुणे आले की पहिल्या दहा मिनिटांत झाड पुन्हा थिजे. नाताळगीते गाणारी मंडळी २३ तारखेला रात्री आली, तेव्हा तर दुसऱ्या कडव्यालाच वरचा अर्धा भाग लालभडक होऊन उभा राहिला, आणि पेटी वाजवणाऱ्या काकांनी तो मुद्दाम केलेला परिणाम समजून माझे कौतुक केले. मी ते कौतुक नाकारले नाही.

आता झाड उतरवण्याकडे वळते. खरे तर ६ जानेवारीला, मागी लोकांच्या (बाळ येशूच्या दर्शनाला पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांच्या) सणाच्या दिवशी, झाड उतरायला हवे होते, पण कामाच्या दिवसांत ते होईना. स्वीडनमध्ये १३ जानेवारीला मुले झाडाभोवती नाचून त्यावरचा खाऊ लुटतात आणि मगच झाड घराबाहेर जाते, ही माहिती मी सवलत मिळवण्यासाठी घरात मांडली, त्यावर सासूबाई म्हणाल्या, "मग पाडव्यापर्यंतच ठेव, वर गडू पालथा घालू." शेवटी रविवारी उपासनेहून आल्यावर सगळे घर कामाला लागले.

केबल टाय हे माझे या वर्षीचे सर्वांत मोठे पाप होय. प्रत्येक पिक्सेलला एक, असे दोनशे टाय मी उत्साहाच्या भरात आवळले होते, आणि ते कापताना वायर कापली जाऊ नये म्हणून कात्रीला बंदी होती. सासऱ्यांनी नेलकटर घेतले आणि खालच्या फांदीपासून एकेक टाय नखासारखा कापत ते वर सरकू लागले. तुटलेला प्रत्येक तुकडा टणकन उडून कोठे तरी जाई आणि सासूबाई झाडणी घेऊन त्याच्या मागे जात. नवऱ्याने मूळ खोका माळ्यावरून काढला आणि त्यावरचे चित्र बारकाईने पाहिले. मग त्याने जाहीर केले की हे झाड या खोक्यातून बाहेर आलेच नसावे. थोरला फांद्यांच्या बुडख्यांवरची अक्षरे वाचून त्यांच्या जुड्या लावत होता, परंतु अक्षरे पुसली गेल्यामुळे त्याने स्वतःची नवी पद्धत काढली, जिच्यात "आजोबांच्या हाताएवढी" आणि "माझ्या हाताएवढी" अशा दोनच लांब्या होत्या. गव्हाणीच्या देखाव्यातल्या मेंढीपुढे कोणी तरी भक्तिभावाने शंकरपाळी ठेवली होती, आणि तिच्याकडे पूर्वेच्या भिंतीवरून मुंग्यांची रांग निघाली होती. मागी लोकांपेक्षा त्या पाच दिवस उशिरा पोहोचल्या, इतकेच.

माळ निघत असताना ती चालूच ठेवावी, म्हणजे हलवल्यावर कोठे थिजते ते दिसेल, हा विचार मला ऐन वेळी सुचला आणि तोच उपयोगी पडला. तिसऱ्या थराजवळ सासरे पोहोचले तेव्हा धाकटी मध्ये घुसली आणि म्हणाली, "आजोबा, घंटा काढू नका ना, मग स्टॅच्यू कसं खेळायचं?"

सगळे थांबले. मी तिला खेळून दाखवायला सांगितले. तिने पितळेची छोटी घंटा धरून खाली ओढली आणि "स्टॅच्यू!" म्हटले, झाडाचा वरचा भाग थिजला. तिने घंटा सोडली आणि "ओव्हर!" म्हटले, झाड धावू लागले. आत्येभावंडांबरोबर, गाणाऱ्या मंडळींच्या मुलांबरोबर आणि शेजारच्या सर्व बालगोपाळांबरोबर ती वीस दिवस हा खेळ खेळत होती. आईने झाडात हे मुद्दाम बसवले आहे अशी तिची प्रामाणिक समजूत होती. माझी दुरुस्ती चालू असताना मुलांना झाडापाशी येण्यास मनाई असे. त्यामुळे घंटा ओढली जात नसे, आणि म्हणून प्रत्येक दुरुस्ती यशस्वी ठरत असे. नवरा हसत हसत खाली बसला तो फांद्यांच्या जुडीवरच बसला, आणि थोरल्याचे वर्गीकरण पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.

आता तांत्रिक उकल. मागच्या वर्षी मेलेला एक पिक्सेल कापून मी तेथे नवा जोडला होता. तो जोड नेमका ११७ आणि ११८ यांच्यामध्ये येतो. रात्री अकरा वाजता श्रिंक ट्यूब (जोडावर चढवून गरम केली की आवळून बसणारी नळी) संपली म्हणून मी डेटा आणि ग्राउंड (परतीची) या दोन तारांवर काळी चिकटपट्टी गुंडाळली होती, आणि तिन्ही तारांचे जोड पुढे-मागे न ठेवता एकाच रेषेत घेतले होते. उन्हाळ्यात माळ्यावर त्या पट्टीचा गोंद पातळ झाला आणि पट्टी मोज्यासारखी घसरली. वरच्या फांदीला घंटा टांगली होती ती सतारीच्या तारेने. सतारमेकर गल्लीतल्या एका ओळखीच्या कारागिरांकडून कापलेल्या तरफांचे (सतारीच्या मुख्य तारांखालच्या बारीक तारांचे) तुकडे मी दरवर्षी आणते, कारण दागिने टांगायला इतकी बारीक, चिवट आणि फुकट तार दुसरी नाही. पाचव्या नोंदीत मी तिची शिफारसही केली होती. ती शिफारस मी या नोंदीद्वारे अंशतः मागे घेते. घंटा ओढली की फांदी वाके, तारेचे मोकळे टोक उघड्या जोडांवर टेके आणि ११७ चा डेटा थेट ग्राउंडला जाई. इतके सोसूनही ११७ जिवंत आहे, याबद्दल त्याला मानाची जागा द्यावी असा विचार आहे.

हसण्याच्या भरात एक गोष्ट सुटायला नको. ते टोक अर्धा सेंटिमीटर पलीकडच्या, ५ व्होल्टच्या लाल तारेवर टेकले असते, तर २० अँपिअरच्या सप्लायने ती तरफ लाल करून दाखवली असती, आणि तिच्याभोवती प्लास्टिकची पाने होती. लाल तारेवर श्रिंक ट्यूबचा शेवटचा तुकडा गेला होता, हे केवळ नशीब. ५ व्होल्टला झटका बसत नाही म्हणून आपण निर्धास्त असतो, पण आग व्होल्टकडे पाहून लागत नाही. पुढच्या वर्षी प्रत्येक माळेला स्वतंत्र ५ अँपिअरचा फ्यूज बसेल. पन्नास पिक्सेलना ३ अँपिअर लागतात, तेव्हा तो पुरेसा आहे. टांगण्यासाठी सुती दोरा.

ऑनलाइन मागवलेल्या चौथ्या माळेविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे. विक्रेत्याने तांब्याची वायर म्हटले होते, पण थोरल्याने खेळता खेळता लोहचुंबक लावले आणि वायर त्याला चिकटली. वर तांब्याचा मुलामा आणि आत लोखंड. पुढची खरेदी मी पुण्याला गेल्यावर विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत स्वतः उभी राहून, खिशात चुंबक घेऊन करणार आहे. याउलट माझी २५ वॅटची जुनी सोल्ड्रॉन सोल्डरिंग आयर्न अकराव्या वर्षीही तक्रार करत नाही, आणि महागड्या सोल्डरिंग स्टेशनची स्वप्ने मी पुन्हा एक वर्ष पुढे ढकलली आहेत.

माळा काढून, गुंडाळून, नावे लिहून ठेवायच्या असा बेत होता. तो अर्ध्यावर बदलला. दोन माळा उतरल्यावर सासरे नेलकटर खाली ठेवून म्हणाले की, हे सारे अकरा महिन्यांनी परत बांधायचेच असेल तर सोडायचे कशाला? याला माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यामुळे वरचा भाग माळांसकट एका जुन्या सुती साडीत गुंडाळून माळ्यावर उभा केला आहे, आणि रात्री तिकडे दिवा लावणाऱ्याला कोणी तरी पदर घेऊन उभे असल्याचा भास होतो. पिक्सेल हललेच नाहीत तर नक्षी झाडाच्या आकारात बसावी म्हणून फोटोवरून प्रत्येकाची जागा मोजण्याचे लांबलेले कामही एकदाच करावे लागेल. त्यासाठी मोबाइल चारी बाजूंनी फिरवण्याऐवजी झाडच फिरवावे, असे नवऱ्याने सुचवले. गणपतीच्या आराशीचा फिरता पाट घरात आहेच. मी हसले, मग आठवले की एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या घरात लाल, पांढऱ्या आणि निळ्या ८० दिव्यांचे जे झाड सजवले होते, तेही फिरतेच होते. तेव्हा पाटाची मोटर तपासायला काढली आहे. पूर्ण फेरीत वायरला पीळ पडेल, म्हणून तूर्त पाव फेरी, थांबा, फोटो, पुन्हा पाव फेरी, असे करू.

हे लिहीत असतानाच बेत आणखी एकदा बदलला. धाकटी घंटेसाठी रुसून बसली होती, म्हणून मी घंटेची तार ईएसपी३२ च्या चार क्रमांकाच्या पिनला जोडली. ती स्पर्श ओळखणारी पिन आहे आणि डब्ल्यूएलईडीमध्ये स्पर्शाचे बटण निवडता येते. स्पर्श झाला की थिजलेला प्रीसेट (आधी साठवून ठेवलेली मांडणी), पुन्हा स्पर्श झाला की धावणारा. जेवणाच्या टेबलावर उतरवलेल्या ५० पिक्सेलची माळ पसरून चाचणी केली आणि ती पहिल्याच प्रयत्नात जमली. त्यानंतर ताटे आली. सासूबाईंनी आमटीचे पातेले ठेवताना घंटेला बोट लावले, माळ निळ्यावर थांबली, धाकटी "स्टॅच्यू!" ओरडली, आणि सासरे भाकरीचा तुकडा तोंडाजवळ धरून तसेच बसून राहिले. सासूबाईंना ओव्हर म्हणायचे असते, हे कोणी सांगितले नव्हते.