डेटाबेससाठी कुठली व्हीएम (क्लाउडवरची व्हर्च्युअल मशीन) घेऊ?

हा प्रश्न घेऊन येणाऱ्यांनी व्हीसीपीयू (व्हीएमच्या वाट्याचे प्रोसेसर) किती आणि रॅम किती, हे बहुतेक वेळा आधीच ठरवलेलं असतं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: मी आधी बघतो ते ती व्हीएम डिस्कशी किती वेगाने बोलू शकते ते.

डिस्कची मर्यादा वेगळी, मशीनची वेगळी. आपल्या पदरात पडते ती दोन्हींतली लहान. एडब्ल्यूएसची (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडची) जीपी३ डिस्क मूळ दरातच ३००० आयओपीएस (सेकंदाला इतक्या वेळा वाचणं-लिहिणं) आणि सेकंदाला १२५ एमबी देते. पण ती एम५.लार्ज या व्हीएमला जोडली, तर त्या मशीनचा डिस्कशी बोलण्याचा कायमचा वेग ६५० मेगाबिट, म्हणजे सेकंदाला जेमतेम ८१ एमबी. त्यावरचा वेग मिळतो, पण उधारीवर: पूर्ण वेगाची हमी चोवीस तासांत अर्ध्या तासाची. म्हणून वीस मिनिटांची लोड टेस्ट झकास पार पडते आणि रात्री मोठा इंडेक्स बांधायला घेतला की गाडी रुतते. टॉप (लिनक्सवर मशीनचा भार दाखवणारा प्रोग्रॅम) उघडलं तर सीपीयू मोकळा, 'डब्ल्यूए'चा, म्हणजे डिस्कची वाट बघण्यात गेलेल्या वेळेचा, आकडा मात्र चढलेला. अशा वेळी डिस्कवर पैसे ओतून उपयोग नाही, मशीनच बदलावी लागते. चाचणी घ्यायचीच तर एफआयओ (डिस्कचा वेग मोजणारं साधन) दोन-तीन तास चालू ठेवा.

रॅम भरपूर घ्या, नाही म्हणत नाही. एडब्ल्यूएसच्या जास्त रॅमवाल्या आर मालिकेत दर व्हीसीपीयूमागे ८ जीबी मिळते, नेहमी लागणारा डेटा मेमरीत मावला की वाचनाचा भार उतरतो. लिहिण्याचं तसं नाही. पोस्टग्रेस हे डेटाबेस सॉफ्टवेअर नेहमीच्या सेटिंगमध्ये कमिट (बदल पक्का) झाल्याचं कळवतं ते वॉल, म्हणजे बदलांची नोंद, डिस्कवर पोहोचल्यावरच. तिथली दिरंगाई कितीही रॅम टाकून झाकत नाही.

मशीनसोबत येणारी लोकल एनव्हीएमई (त्याच सर्व्हरमध्ये बसवलेली डिस्क) भलतीच वेगवान असते, मोह होतो. तिच्यावरचा डेटा रीबूटला टिकतो, पण मशीन स्टॉप केली की गेला. दुसरीकडे चालू रेप्लिका (डेटाची ताजी प्रत ठेवणारी मशीन) असेल तरच तिकडे वळा. स्पॉट मशीन (शिल्लक क्षमतेतून स्वस्तात मिळणारी) दोन मिनिटांच्या सूचनेवर काढून घेतात, तेव्हा प्रायमरीसाठी, म्हणजे मुख्य डेटाबेससाठी, तो विषयच नको. टी मालिका (सीपीयूचाही पूर्ण वेग उधारीवर देणारी) प्रयोगापुरती ठीक.

यापुढचा प्रश्न ठरलेला: मॅनेज्ड सेवा (क्लाउड कंपनीच डेटाबेस सांभाळते ती) घेतली तर ही कटकट टळेल का? बॅकअप, पॅचिंग यांची टळेल. पण आरडीएस या एडब्ल्यूएसच्या अशा सेवेमध्येही इन्स्टन्सचा (मशीनचा) प्रकार तुम्हीच निवडता, आणि डिस्कच्या वेगाची त्याची मर्यादा तिथेही लागू असते.