पट्टी ओढा, पण खरी ओढा

जानेवारीतला शेवटचा रविवार म्हणजे आमच्या मंडळाचा क्रीडामेळावा. नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला त्या दिवसांत पहाटे इतकी थंडी असते, की फक्की टाकून मैदान आखणाऱ्यांची बोटं आखडतात. मग लिंबू-चमचा, संगीत खुर्ची, रस्सीखेच, लंगडी, आणि दुपारी मिसळ-पाव, पापड, दही. वर्षानुवर्षं हाच क्रम. मजा यायची, खूप यायची. पण खेळणारे मैदानात आणि उरलेले मांडवात, अशी एक वाटणी कुणी न ठरवता होऊन बसली होती. गुडघे दुखायला लागले, साठी उलटली, पायानं अधू असलं किंवा मूल जरा वेगळं असलं, की त्याची जागा खुर्चीवर ठरलेली.

ही वाटणी मोडली रग्बीनं. नाव ऐकूनच अर्ध्या लोकांनी हात जोडले होते. रग्बी म्हणजे चिखलात एकमेकांवर कोसळणारे धिप्पाड गडी, एवढंच टीव्हीवर पाहिलेलं. मंडळातल्या एक निवृत्त क्रीडाशिक्षिका, ज्यांना आम्ही सगळे ताई म्हणतो, त्यांनी शांतपणे लांबट चेंडू आणि कमरेच्या पट्ट्यांचं गाठोडं टेबलावर ठेवलं.

त्यांनी आणलेला खेळ होता टॅग रग्बी. यात कुणाला पाडायचं नाही, धरायचं नाही, ढकलायचंही नाही. प्रत्येकाच्या कमरपट्ट्याला दोन बाजूंना दोन कापडी पट्ट्या चिकटवलेल्या असतात. चेंडू घेऊन पळणाऱ्याची पट्टी ओढायची, ती उंच धरून ‘टॅग’ म्हणून ओरडायचं, की त्यानं चेंडू लगेच साथीदाराकडे द्यायचा. ओढलेली पट्टी ज्याची त्याला हातात परत करायची. रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ‘ट्राय’, म्हणजे संघाला गुण. आणि रग्बीचा मूळ नियम इथेही तसाच: चेंडू हातानं पुढे फेकायचा नाही, बाजूला किंवा मागेच द्यायचा. मला हा खेळ आवडला तो या नियमामुळे. कितीही वेगानं पुढे पळालात, तरी चेंडू द्यायला मागे कोण आहे हे बघावंच लागतं. आमच्याकडे मागे असायचे आजोबा, काकू आणि बालवाडीतली पोरं.

नियम वाकवत वाकवत आम्ही खेळ आपलासा केला. साठीच्या पुढच्यांच्या सामन्यात पळायचंच नाही, फक्त चालायचं. चालत खेळायचं रग्बी इंग्लंडमध्येही खेळतात, हे ताईंनी सांगितल्यावर आजोबा मंडळींचा उरलासुरला संकोच गेला. एका मुलाला ऐकू येत नाही, म्हणून पंच शिट्टीबरोबर लाल रुमालही उंच करायचे. व्हीलचेअर मातीत रुतते हे पहिल्याच वर्षी दिसलं. पुढच्या वर्षीपासून तो सामना शेजारच्या शाळेच्या बास्केटबॉलच्या सिमेंट कोर्टवर नेला. तिथे कमरेऐवजी खुर्चीच्या पाठीला पट्ट्या लावायच्या.

खरा प्रश्न उभा राहिला तो त्या कोर्टवर. व्हीलचेअरवरची ती मुलगी तेव्हा नववीत असेल. तिच्याकडे चेंडू आला की सगळे बाजूला व्हायचे. ती रेषेपर्यंत जायची, मांडवातून टाळ्यांचा कडकडाट व्हायचा. दुसऱ्यांदा तसं झालं तेव्हा तिनं चेंडू मांडीवरच ठेवला आणि बचावाला उभ्या असलेल्या काकांना म्हणाली, “काका, तुम्ही पट्टी ओढायला येत नसाल तर मी खेळत नाही.” काका गडबडले. “अगं, तुला लागेल म्हणून...” “मग लागू दे ना. सगळ्यांनाच लागतं.”

त्यानंतर चहाच्या वेळी जी चर्चा रंगली, तशी मेळाव्यात त्याआधी कधी झाली नव्हती. सोपं करणं आणि सोडून देणं यात फरक आहे, हे ताईंचं म्हणणं. त्याला पुरावा म्हणून त्यांनी व्हीलचेअर रग्बीची गोष्ट सांगितली. कॅनडातल्या विनिपेगमध्ये 1970च्या दशकात हा खेळ जन्मला, तो हातांतही पुरेशी ताकद नसल्यामुळे व्हीलचेअर बास्केटबॉलमध्ये मागे पडणाऱ्या खेळाडूंनी स्वतःसाठी घडवला. त्यात खुर्च्या एकमेकींवर दाणकन आपटतात, आणि ते नियमात बसतं. प्रत्येक खेळाडूला त्याच्या हालचालीच्या क्षमतेनुसार 0.5 ते 3.5 गुण असतात. कोर्टवर एका संघाचे चौघे, आणि त्यांच्या गुणांची बेरीज साधारणपणे 8च्या वर जाता कामा नये. म्हणजे नुसते ताकदवान गडी भरून संघ होतच नाही. अर्ध्या गुणाचा खेळाडू समोरच्याची वाट अडवून आपल्या माणसाला रस्ता मोकळा करून देतो. स्त्री-पुरुष एकाच संघात खेळतात. 2000च्या सिडनी पॅरालिम्पिकपासून या खेळाला पदकं आहेत, 2024ला पॅरिसमध्ये सुवर्णपदक जपाननं नेलं. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डला 2015मध्ये तर अपंग आणि धडधाकट खेळाडूंच्या मिश्र संघांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. तिथे मैदानही खरं आणि धरपकडही खरी.

त्या गुणांच्या हिशोबानं मंडळातल्या लेखापालांना झपाटलंच. पुढच्या मेळाव्यात त्यांनी वही काढून आम्हा सगळ्यांना गुण वाटले. कॉलेजातली पोरं साडेतीन, मधल्या वयाचे दोन-अडीच, आजी-आजोबा एक, आणि बेरीज ठरावीक आकड्यात बसलीच पाहिजे. संघ निवडताना आजींना ओढण्यासाठी जी भांडणं झाली ती अजून आठवतात. ज्यांना कालपर्यंत “तुम्ही बसा, दमाल” म्हणायचो, त्यांच्यासाठी दोन कर्णधार हातघाईवर आले होते.

पट्ट्या आता बाजारातून आणत नाही. काकू लोकांनी जुन्या साड्यांच्या काठांपासून शिवल्या, वेल्क्रो लावून. एका संघाच्या केशरी, दुसऱ्याच्या मोरपंखी. आणि ती मुलगी, जी आता पुण्याला शिकते, दर जानेवारीत मेळाव्यासाठी येते. गेल्या खेपेला पंच तीच होती. पट्टी ओढताना हात आखडता घेणाऱ्या एका जावईबापूंना तिनं सरळ बाहेर बसवलं.